उजव्या कानाला दोन खाचा

वर्डेल प्रूएट थकलेला दिसतो असं चर्चमधली माणसं म्हणत, आणि वर्डेलला ते मान्य होतं. एकसष्टाव्या वर्षी, गेली सहा वर्षं रोज पहाटे आंबलेल्या मक्याचा वास अंगावर घेऊन घरी येणाऱ्या माणसानं टवटवीत दिसायचं तरी कुठून? त्याच्या गाडीला तो वास होता, टोपीला होता, आणि रविवारी कितीही साबण लावला तरी बाकावर शेजारी बसणारा माणूस जरा सरकूनच बसायचा.

राज्याच्या वन्यजीव खात्यानं त्याला रानडुकरं धरायला ठेवलं होतं. काम ऐकायला सोपं. मका पिंपात भिजत घालायचा, तीन दिवसांनी आंबला की रानात नेऊन ओतायचा, भोवती गोल जाळी उभी करायची आणि तिचं फाटक उघडं ठेवायचं. झाडावर कॅमेरा, त्याचं चित्र खिशातल्या फोनवर. अख्खा कळप आत आला की अंगठा दाबायचा, फाटक खाली पडतं. सगळी गोम त्या ‘अख्खा’ या शब्दात आहे. एक जरी बाहेर राहिलं तर ते जन्मात पुन्हा जाळीजवळ फिरकत नाही, आणि पुढच्या पिलावळीलाही फिरकू देत नाही. म्हणून वर्डेल वाट बघायचा. पगार त्याला डुकरं धरण्याचा मिळे, पण खरं काम तो करायचा ते वाट बघण्याचं. सहा वर्षांत चारशे अकरा धरली, आणि अमेरिकेतल्या ओझार्कच्या त्या डोंगरात डुकरं होती तशीच होती.

एप्रिलमध्ये तेवीस डुकरांचा एक कळप चर्चच्या कबरस्तानात शिरला. जमीन खडकाळ, त्यामुळे बाकीच्या कबरी नुसत्या ओरबाडल्या गेल्या. पण नोरीनची कबर नांगर फिरवल्यासारखी उलथली होती. नोरीन म्हणजे वर्डेलची बायको, जाऊन सात वर्षं झाली. तिच्या कबरीवर हिरवळ राहावी म्हणून वर्डेल दर उन्हाळ्यात कॅन भरभरून पाणी नेऊन घालायचा. माती मऊ झाली, मातीत गांडुळं झाली, आणि डुकरांना आणखी काय हवं? त्यानं माती सारखी केली. आठवड्यानं पुन्हा तेच. मेच्या तिसऱ्या रविवारी सगळी कुटुंबं आपापल्या कबरींवर फुलं वाहायला येतात, झाडाखाली टेबलं मांडून जेवतात. त्याआधी हा कळप संपवायचाच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

तीन आठवडे त्यानं मका ओतला. बावीस डुकरं रोज आत यायची. तेविसावं, एका म्हाताऱ्या नराचं भलंमोठं धूड, फाटकाबाहेर उभं राहायचं आणि आत बघायचं. कॅमेऱ्यात नुसती त्याची काळी पाठ दिसायची. वर्डेल फोन हातात धरून बसायचा आणि अंगठा उचलून घ्यायचा. बुधवारी त्या धुडानं पुढचे दोन पाय आत टाकले. उद्या येणार, वर्डेल स्वतःशीच म्हणाला, उद्या नक्की.

गुरुवारी पहाटे रस्त्यावरून गोळी सुटली. मग कुत्री. मग डोंगरभर धावपळ, आणि फोनवर रिकामी जाळी.

गोळी डॉयलची होती. डॉयल म्हणजे नोरीनचा धाकटा भाऊ. सहा शिकारी कुत्री, एक म्हातारी गाडी आणि कधी बंद न होणारं तोंड, अशी त्याची इस्टेट. रानडुकराला रीतसर शिकारीचं जनावर ठरवा, त्याचा हंगाम ठेवा, परवाना द्या, अशी मागणी करणाऱ्यांचा तो पुढारी होता. रविवारच्या जेवणानंतर चर्चच्या हॉलमध्ये त्यावरच सभा होती. खात्याची बाई लोकांची मतं लिहून घ्यायला येणार होती, आणि वर्डेलनं विरोधात बोलायचं ठरलं होतं.

वर्डेल गुरुवारी भांडायलाही गेला नाही. त्यानं जाळी उचलली, घरी येऊन बूट न काढता खुर्चीत बसला आणि दुपारपर्यंत तसाच बसून राहिला. त्याला रडू आलं नाही, पण आलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी नोरीनच्या कबरीवर त्यानं फुलं ठेवली, तीही वाकडीतिकडी मातीतच. मग टेबलाशी आला. बीन्स, बटाट्याचं सॅलड, कॉर्नब्रेड, सहा तऱ्हांचे गोड पदार्थ, आणि मधोमध डॉयलनं गुरुवारी मारलेल्या, रात्रंदिवस धूर देऊन शिजवलेल्या त्या म्हाताऱ्या नराची परात. इमोजीन आत्यानं वर्डेलच्या ताटात मोठा तुकडा वाढला. आत्या वडिलांची बहीण, शहाऐंशी वर्षांची, आणि तिला नको म्हणायची पद्धत प्रूएटांच्या घरात नव्हती.

“खा रे. हाडं दिसायला लागलीत तुझी.”

वर्डेलनं घास घेतला आणि चावता चावता थांबला. मांस गोड होतं. रानातल्या नराच्या मांसाला उग्र वास येतो, कितीही धूर द्या. हे लोण्यासारखं होतं. हा नर खच्ची केलेला होता, आणि रानात डुकराला कोण खच्ची करतं? तो उठून डॉयलच्या गाडीकडे गेला.

“डॉयल, ते डुक्कर कुठलं?”

“मला वाटलंच तुम्ही येणार, दाजी.” डॉयलनं इकडेतिकडे बघून बसायच्या जागेखालून वर्तमानपत्राची पुडी काढली. “कुणाला दाखवलं नाही अजून.”

पुडीत डुकराचा उजवा कान होता. कडेला दोन खाचा, जुन्या, भरून आलेल्या.

कुंपणं नव्हती तेव्हा या डोंगरात सगळ्यांची डुकरं रानात मोकळी चरत, आणि प्रत्येक घराची कानावरची खूण कचेरीत नोंदलेली असे. उजव्या कानाला दोन खाचा ही प्रूएटांची. ती कापता येणारा आता एकच जिवंत होता, वर्डेल.

सात वर्षांपूर्वी नोरीन आजारी पडली तेव्हा तिला काही जात नव्हतं. एक दिवस म्हणाली, लहानपणी बाबा रानात चरलेल्या डुकराचं सॉसेज करायचे, ते मिळालं तर खाईन. डॉयलनं कुठून तरी ट्रेलरमधून एक तरणा नर आणि दोन माद्या आणल्या. वर्डेलनं नर खच्ची केला, तिघांच्या कानांना खाचा पाडल्या, आणि ओढ्यापलीकडे सोडून दिलं. ओकची फळं खाऊन हिवाळ्यापर्यंत पुष्ट होतील, मग मारू. माद्या गाभण होत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. नोरीन ऑक्टोबरात गेली. त्यानंतर वर्डेलला रानाकडे बघवेना. वर्षानं खात्याची नोकरी निघाली तेव्हा त्यानं अर्ज केला. तीन डुकरं आणि त्यांची पिलावळ, गुपचूप धरू आणि मोकळे होऊ, असा हिशेब होता.

“म्हातारा माझ्यासमोर आडवा झाला तेव्हा मी कान बघितला,” डॉयल म्हणाला. “आधी बघितला असता तर गोळी नसती घातली, आईशपथ. हे बघा, मी बोलत नाही. ट्रेलर माझाच होता. तुम्ही फक्त आज गप्प बसा. तुमचं नाव राहतं, नोकरी राहते.”

“आणि डुकरं?”

“डुकरं राहणारच आहेत, दाजी! सहा वर्षं जाळ्या लावताय, संपली? मग निदान गरिबाला मटण मिळू दे, पोरांना रानात जायला कारण मिळू दे. तुम्हाला काय मिळालं? वास.”

डॉयल खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. वर्डेलनं पुडी खिशात घातली.

हॉलमध्ये डॉयल झकास बोलला. लोक हसले, टाळ्या पडल्या. मग खात्याच्या बाईनं वर्डेलचं नाव घेतलं. तो उठला, आणि आपण खाली बसलो तरी कुणी काही म्हणणार नाही हे त्याला कळत होतं. गप्प बसायची इतकी इच्छा त्याला आयुष्यात कधी झाली नव्हती.

त्यानं कान टेबलावर ठेवला.

“दुपारी आपण खाल्लं ते हे,” तो म्हणाला. “खूण माझी आहे. सात वर्षांपूर्वी मी सोडलं, दोन माद्यांबरोबर. आणलं कुणी ते विचारू नका, सोडलं मी. मला एका माणसापुरतं मटण हवं होतं. माणूस वाईट नसतो. एखादं ठेवतो, पुढच्या हिवाळ्यासाठी. शिकारीचं जनावर ठरवलंत तर सगळेच एखादं ठेवतील. शेवटचं डुक्कर मारायला शिकारी कधीच जाणार नाही. मीसुद्धा गेलो नव्हतो. एवढंच.”

कुणी टाळी वाजवली नाही. खात्याची बाई लिहायची थांबली आणि मग पुन्हा लिहू लागली. ती काय लिहितेय ते वर्डेलला कळलं, आणि त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. डॉयल टोपी घालून बाहेर निघून गेला. पुढे हात वर करून मतं मोजली, ती वर्डेलनं बघितली नाहीत.

तो कबरस्तानात गेला तर इमोजीन आत्या आधीच काठी टेकत नोरीनपाशी उभी होती.

“हिला माहीत होतं?”

“नाही. हिवाळ्यात एकदम ताट पुढे ठेवणार होतो.”

“मटण चांगलं होतं,” आत्या म्हणाली. वर्डेलनं खाली वाकून फुलं सरळ केली. आत्यानं काठीनं एक ढेकूळ फोडलं.

“किती उरली आता?”

“बावीस. पांगलीत सगळी. आता जाळीजवळ यायची नाहीत, वर्ष जाईल. आणि मला ठेवतील की नाही कोण जाणे.”

“ठेवोत न ठेवोत. त्या बाविसातली तुझी किती?”

वर्डेलनं ओढ्याकडे बघितलं.

“सगळी, आत्या.”

“मग मका आजच भिजत घाल,” आत्या म्हणाली. “आंबायला तीन दिवस लागतात.”