भरत्या ओटीनं उठायचं नसतं

मोगऱ्याच्या वेणीचा वास आला की मला अजून माझाच संताप येतो. उणकल गावच्या आमच्या घरी माझ्या सुनेचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायला बायकांची रांग लागलेली, आणि मोगऱ्याची वेणी माळलेली ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, लघवीला फार जळजळतंय हो, जाऊन येऊ?" "उष्णता गं ती! भरत्या ओटीनं उठू नये," म्हणत मीच तिचा खांदा दाबला. संध्याकाळी ती थंडी वाजून तापानं फणफणली. डॉक्टरीणबाई माझ्यावर कडाडल्या, "अक्का, गरोदरपणात हार्मोन्समुळं लघवीची नळी सैल पडते, लघवी तुंबते, जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. त्यात तुम्ही तिला अडवून धरलंत! बाळ वेळेआधी आलं असतं तर?" नशीब, दोघं सुखरूप राहिली. आता कुठल्याही डोहाळजेवणात मी गर्भारणीला सगळ्यांदेखत विचारते, "जाऊन यायचंय का गं?" बायका नाकं मुरडतात. मुरडा म्हणते मी, ओटी काय पळून जाते काय!