पांढरा कांदा

घराबाहेर पडताना लोक खिसा चाचपतात ते मोबाइलसाठी. आमचा शेजारी चाचपायचा कांद्यासाठी. होळी पेटली की त्याच्या पँटच्या उजव्या खिशात एक पांढरा कांदा मुक्कामाला यायचा, तो थेट मृगापर्यंत. "खिशात कांदा असला का ऊन लागत नाही बे," एवढंच त्याचं शास्त्र. पोराच्या सोयरिकीलाही तो कांद्यासकट गेला. फुगलेला खिसा पाहून मुलीच्या मामाने विचारलं, "यात काय आहे जी?" हा म्हणाला, "विमा."

असा एखादा नमुना तुमच्याही गल्लीत असेल. अमरावतीत आमच्या दोन घरांना मधली भिंत एकच. पलीकडून त्याचा कूलर रात्रभर खडखडायचा आणि अलीकडून मी शिव्या घालायचो. त्याने भिंत ठोकली की समजायचं, चहा झाला आहे.

त्याची बायको गेली तसा पोरगा त्याला पुण्याला बोलावू लागला. आज येतो, उद्या येतो करत याने दोन उन्हाळे काढले. शेवटी पोराने फोनवर निर्वाणीचं विचारलं, तेव्हा म्हणाला, "डोंगरावर जाऊन येतो, मंग सांगतो." आणि भिंत ठोकली.

मे महिना. मोर्शीच्या पुढे संत्र्याचे बगीचे संपले आणि सातपुडा सुरू झाला. पायथ्याशी एका गुराख्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या उनाचे कुठं चालले काकाजी?"

"महादेवाले पाह्याले."

"काहून? हिवाळ्यात राहत नाही काय तो?"

सागाला एक पान नव्हतं. मी दर झाडाखाली बसायचो आणि हा डोक्याचा दुपट्टा सारखा करत वर उभा राहायचा. "उठ बे. त्या काडीची सावली तुह्या पोटाले पुरून नाही राहिली."

वर एक उघडी पिंड आणि एक घंटा. मी भाविकपणे घंटेला हात लावला आणि बोटं भाजून घेतली. "पाह्य," तो खूश होऊन म्हणाला, "महादेव बी तुले वळखते."

भाकर सोडली, ठेचा काढला. मग त्याने खिशातून कांदा काढून दगडावर ठेवला.

"हा खाल्ला तं उतरताना ऊन लागन ना," मी म्हणालो.

"उतरताना तुह्या सावलीत चालतो. लय मोठी आहे."

एका बुक्कीत कांदा फोडून त्याने अर्धा मला दिला. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "सांग. जाऊ का राहू?"

आता खरं सांगतो, आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. 'राहा' म्हणालो असतो तर तो राहिला असता. तेवढं ऐकायलाच तो एवढा डोंगर चढला होता. मला तर वर्षभर तेच म्हणायचं होतं. पण त्याचा पोरगा हा पोरगा. मी कोण, भिंतीपलीकडचा माणूस. बाप-लेकाच्या मधात पडायचा हक्क मला कोणी दिला, असा शहाणा विचार मी केला. भित्रा माणूस असेच विचार करतो.

"जाय," मी म्हणालो. "पोरगा बोलावून राहिला तं जाय."

त्याने ठेच्याला भाकर लावली. मग म्हणाला, "अन् तू काहून रडून राहिला बे?"

"कांदा लागला."

"हाव," तो म्हणाला. "लय तिखट आहे."

पावसाआधीच तो पुण्याला गेला. कधीमधी फोन येतो. "इथं खिशात कांदा ठेवला का सूनबाई कढीत टाकते," म्हणतो. भिंतीपलीकडे यंदा कूलर नाही. इतकं शांत आहे की मला झोप लागत नाही. चहा मी घेतो, पण त्याची वेळ कोणती ते आता कळत नाही.

आमचा पांढरा कांदा तुम्ही खाल्ला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तो गोड असतो. त्या दिवशीचा तर खिशात राहून राहून पार मऊ पडला होता. लहान लेकराच्याही डोळ्यात त्याने पाणी आलं नसतं.

आणि दुसरा अर्धा त्यानेच खाल्ला होता.