हिरीने दाखवलेली खाण

धसईच्या वरच्या अंगाला, जिथे भाताची शेतं संपतात आणि सह्याद्रीची भिंत उभी राहते, तिथल्या कातकरवाडीत हिरी राहायची. कोळसा पाडणं हा तिचा धंदा. ऐन-धावड्याची लाकडं उभी रचायची, वर पाला आणि ओली माती लिंपायची, आत आग कोंडायची आणि बुडाशी ठेवलेल्या भोकांवर नजर ठेवून बसायचं. धूर आधी पांढरा आणि दाट येतो, मग पिवळट होतो, मग निळा आणि विरळ. निळा झाला की भोकं बुजवायची. थोडी घाई केली तर आत अर्धं कच्चं लाकूड राहतं आणि थोडा उशीर झाला तर राख. ही वेळ हिरीला नाकाने कळायची. तिच्या बापालाही कळायची, पण तो कधीकधी चुकायचा.

हिरी चुकत नसे. पाचपन्नास भट्ट्यांचा ठेका सांभाळणारा नथू मुकादम एरवी कातकऱ्यांशी धड तोंडाने बोलायचा नाही, पण भट्टी बुजवायची वेळ आली की तोही हिरीकडे माणूस पाठवायचा. 'हिरी बोलली' म्हटलं की वाद मिटला. तिच्याकडे जमीन नव्हती, पितळेचं भांडं नव्हतं, लुगडंही एकच. होता तो हा शब्द. त्याचा तिला माज होता, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याला धूर कळत नाही असा माणूस तिच्या लेखी अर्धवट. आणि खाली गावात तर सगळेच तसले.

त्या सगळ्यांत देवजी पहिल्या नंबरचा. देवजी हा खालच्या गावातला खातेदार. त्याची वरकस, उताराची जमीन पार डोंगराच्या पायथ्याला भिडलेली, आणि वाडीला पाणी देणारा एकुलता एक झरा त्याच्याच हद्दीत. स्वभाव असा की कुठे चार शब्द ऐकले की ते आपल्याच पोटातून आल्यासारखे दुसऱ्याला ऐकवायचा. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे लोक असतात, याला नुसता हळकुंडाचा वास पुरायचा.

लढाईचे दिवस होते, त्रेचाळीस साल. पेट्रोल मिळेनासं झालेलं. मुरबाडहून कल्याणला जाणारी मोटर पाठीवर लोखंडी पिंप घेऊन धावायची, त्यात कोळसा पेटवायचा आणि त्यातून निघणाऱ्या वायूवर गाडी चालायची. तो कोळसा हिरीच्या आणि तिच्यासारख्यांच्या भट्ट्यांतला. एकदा देवजी त्याच मोटरीत बसून कल्याणला गेला. तिथे रेल्वेच्या आवारात त्याने दगडी कोळशाचे ढीग पाहिले. कुणीतरी त्याला सांगितलं, की हा जमिनीतून निघतो, आणि ज्याच्या जमिनीत निघतो त्याचं नशीब उघडतं. एवढं पुरे झालं. उपरण्यात एक तुकडा बांधून तो घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी गुरं पाजायला झऱ्यावर गेला तर समोर काय? झऱ्याच्या डोक्यावर काळाभोर, ओला, चकचकीत कातळ.

"कोळसाय, कोळसा!" असं ओरडत तो वाडीत आला. "हिरे, चल, तुला दाखवतो. तुमी रानात लाकडं जाळीत बसता नि माझ्या जमिनीत सरकारी माल पडलाय!"

हिरी झऱ्यावर गेली. त्या कातळाच्या सावलीत ती लहानाची मोठी झाली होती. आख्खा सह्याद्री त्याच दगडाचा आहे, माळशेजपासून माहुलीपर्यंत. काळं दिसलं म्हणून कोळसा म्हणायचं तर म्हशीलाही चुलीत घालावं लागेल.

"बाबा, ह्यो धोंडा हाय," ती म्हणाली.

"तुला काय ठावं?"

हिरीने एक ढपली उचलली आणि त्याच्या नाकासमोर धरली. तिच्यात बारीक बारीक भोकं होती. "माझ्या भट्टीच्या तळाला माती भाजून अशीच भोकाभोकांची व्हते. ह्यो आगीतून भाईर निघालेला धोंडा हाय. जो एकदा जळला तो परत जळत नाय."

देवजी हसला. तेव्हा तिने ती ढपली त्याच्या देखत आपल्या पेटत्या भट्टीच्या तोंडात सारली. तिसऱ्या दिवशी काढली, तर होती तशीच. देवजीने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "तुजी आग कच्ची." ज्या आगीवर मुरबाडची मोटर चालत होती ती आग कच्ची! हिरीच्या मनात आलं की याच्या डोक्यात भट्टी लावली तर कोळसा पडणार नाही, आत लाकूडच इतकं ओलं.

पण पुढचं ऐकलं आणि तिचं हसू मावळलं. सडकेच्या कामावरच्या वडारांकडून देवजीने सुरुंगाची दारू मिळवली होती. होळी झाली की तो झऱ्याच्या डोक्यावरचा कातळ फोडणार होता.

त्या काळ्या कातळाखाली हातभर जाडीचा तांबडा मातीचा पट्टा होता. पाणी काळ्या दगडाच्या भेगांतून उतरायचं, त्या पट्ट्यावर अडायचं आणि झरा होऊन बाहेर यायचं. हिरीचा बाप सांगायचा, तांबडीला हात लावू नका, पाणी तिनं धरलंय. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका वाडीने झरा मोठा करायला म्हणून तांबडी फोडली होती. पाणी खाली गेलं ते गेलंच. पुढच्या वैशाखात ती वाडी उठली, माणसं विटांच्या भट्ट्यांवर पांगली, आणि आता तिथे नुसते चुलींचे दगड आहेत.

हिरीने हे सगळं देवजीला सांगितलं, सुरुंगाने तांबडीही फुटेल हेही. एकदा नाही, तीनदा. नवरा जाणू याला घेऊन गेली, हात जोडले.

"कातकरणीनं मला जमीन शिकवायची?" देवजी म्हणाला. "पाणी काय, कुटंबी मिलंल. गावच्या विहिरीवर या."

गावच्या विहिरीवर कातकऱ्यांना कोण उभं करणार होतं, ते देवजीला ठाऊक होतं आणि हिरीलाही. त्या दिवशी तिला त्याची चीड आली, आणि चिडीच्या तळाशी एक गोष्ट लख्ख दिसली. या माणसाला खरं सांगून उपयोग नाही. खरं त्याच्या पचनी पडत नाही. त्याला हवं तेच त्याला द्यायला हवं.

होळीच्या आदल्या दिवशी ती त्याच्या अंगणात गेली आणि म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. कोलसा हाय तुज्या जमिनीत. पन झऱ्यावर नाय. तिकडं ऐनाच्या पानंदीत हाय. जमिनीतला, दगडाचा, तुजा कल्यानचा हाय तसाच."

"कशावरनं?"

"माझ्या बापानं पायला व्हता. कुनाला बोलला नाय."

देवजी मूर्ख होता, पण फुकट विश्वास ठेवणारा नव्हता. "इस्तवाची आन घे," तो म्हणाला.

कोळसा पाडणाऱ्यांत विस्तवावर हात धरून खोटं बोलत नाहीत. पोट जाळतो तोही विस्तव आणि पोट भरतो तोही विस्तव, त्याच्याशी लबाडी कशी करायची? हिरीने जन्मात केली नव्हती. देवजीच्या बायकोने चुलीतला निखारा खापरीत आणून ठेवला. हिरीने त्यावर हात धरला, तळवा चटचट भाजेपर्यंत धरला, आणि सांगितलं, "हाय."

ऐनाच्या पाणंदीत पंचवीस पावसाळ्यांपूर्वी हिरीच्या बापाची भट्टी होती. तेव्हा ते नुसतं रान होतं, देवजीच्या हद्दीचे दगड तिथवर आलेले नव्हते. वरून माती वाहून आली, गवत वाढलं, आणि भट्टीचा चुरा हातभर मातीखाली गाडला गेला. ते हिरीला माहीत होतं आणि जाणूला.

देवजीने खणलं आणि काळे तुकडे निघाले. ते त्याने चुलीत टाकले तर पेटले! गावाने असा उत्सव पाहिला नव्हता. देवजीने खड्ड्यापुढे नारळ फोडला, गळ्यात झेंडूची माळ घालून खड्ड्याच्या काठावर बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खाणमालकासारखा रामराम घालू लागला. वरचा एवढा चुरा तर खाली केवढा थर असेल, या हिशेबाने त्याने झऱ्यासाठी आणलेली सगळी दारू तिथे उडवली. चार दिवस डोंगर दणाणत होता. खाली निघाला तोच काळा धोंडा. तरीही त्याने कल्याणहून माणूस बोलावला, बिहारात झरियाच्या कोळशाच्या खाणींत दहा वर्षं काढून आलेला एक मिस्त्री.

मिस्त्रीने तुकडा हातात घेतला, नखाने फोडला आणि गावासमोर विचारलं, "ह्यात लाकडाची वळी दिसतात. कुणाची भट्टी होती इथं?"

देवजीने त्याच्या हातातला तुकडा ओढून घेतला.

मिस्त्री बरा माणूस होता. त्याने समजावून सांगितलं, की हा मुलूख आगीच्या रसाचा थिजलेला दगड आहे, शंभर पुरुष खोल खणलंत तरी खाली दगडी कोळसा नाही. "तुमच्याकडं जळण दोनच. एक डोंगरावर उभं आहे ते लाकूड, आणि दुसरं घाटावरून पडतं ते पाणी. तिकडं खोपोलीला त्याच पाण्यावर वीज काढतात, मुंबईत दिवे लागतात."

"पाण्यानं दिवा इझतो, पेटत नाय!" देवजी ओरडला, आणि त्यावर मात्र सगळा गाव खो खो हसला. कोळसा उगाळावा तितका काळाच.

हसून झालं तेव्हा देवजीने बोट हिरीकडे वळवलं. "हिनं सांगलं! इस्तवाची आन घेऊन सांगलं!"

आता सगळे तिच्याकडे पाहू लागले. जाणू पुढे सरकला, तो खरं काय ते सांगणार होता. हिरीने त्याचा दंड धरला. कारण तिला देवजी पक्का माहीत होता. झरा वाचवायला हिने मला दुसरीकडे खणायला लावलं, हे त्याला कळलं की तो म्हणणार, म्हणजे झऱ्यातच माल आहे! मग मिस्त्री येवो नाहीतर ब्रह्मदेव येवो, तो पुन्हा दारू आणणार.

"मला काय कलतंय, बाबा," ती म्हणाली. "अडानी बाई मी. मला वाटलं दगडाचाच हाय."

नथू मुकादम गर्दीत होता. तो तिथल्या तिथे म्हणाला, "जिला लाकडाचा कोळसा नि दगडाचा कोळसा वळखू येत नाय, तिला धूर काय कळनार?" त्या दिवसापासून भट्टी बुजवायची वेळ विचारायला हिरीकडे कुणी आलं नाही. वाडीतल्या बायासुद्धा म्हणत, विस्तवावर खोटं बोलली, आता हिचा हात लागलेली भट्टी फुटेल. ज्यांच्या घागरी झऱ्यावर भरत होत्या त्या बाया. पुढे कितीतरी भट्ट्या नथूने घाईने बुजवल्या, अर्धं कच्चं लाकूड काढलं, आणि हिरी लांबून तो पिवळा धूर पाहत राही. तोंडापर्यंत आलेला शब्द ती गिळायची. ते तिला फार जड जायचं.

लढाई संपली, मोटरीच्या पाठीवरचं पिंपही गेलं. सत्तेचाळीसच्या वैशाखात देवजी जावयाला जमीन दाखवायला वर आला. ऊन मी म्हणत होतं. झऱ्यावर हिरी मडकं घेऊन आली होती. त्याला पाहून ती बाजूला झाली, तिने आधी भरलं असतं तर तो प्यायला नसता. देवजी वाकून ओंजळी भरभरून पाणी प्यायला, त्याने चूळ भरली आणि मिशा पुसत जावयाला म्हणाला, "हीच ती हिरी. जल्म कोळशात गेला नि कोळसा वळखला नाय. गाढवीन! पन पानी बघा आमच्या झऱ्याचं, वैशाखात बी कमी नाय."

"पी बाबा अजून," हिरी म्हणाली.

तो आणखी दोन ओंजळी प्यायला आणि गेला. हिरीने पुढे होऊन तांबड्या पट्ट्यावर तळवा टेकला. ओला होता. मग तिने मडकं धारेखाली लावलं.