ओ द्यायला कुणी
गुळाच्या पाण्याचा वास आला की आईनं अंगणात पसरलेलं सोयाबीनचं बियाणं आठवतं. गुळाच्या पाण्यात कालवलेली जिवाणूंची काळी भुकटी तिनं त्याला चोळली आणि पापडासारखं कडक उन्हात वाळत घातलं. ते सावलीत वाळवायचं असतं, उन्हात जिवाणू मरतात, हे आम्हाला पेरणीनंतर कळलं. आमच्या माळावर सोयाबीन पहिल्यांदाच होतं, मातीत त्याचे जिवाणू आधीपासून नव्हते. रोपं पिवळी पडली तेव्हा मी एक उपटलं, मुळांवर नत्र पुरवणारी एकही गाठ नव्हती. मी आईला सांगितलं की मूळ मातीत एक रसायन सोडतं, ते ओळखून जिवाणू येतात आणि गाठी धरतात. तिनं ते रोप हातात घेतलं. “म्हंजी हाक मारली आसंल ह्यानं. ओ द्यायला कुणी जित्तं ऱ्हायलं न्हवतं.” आता नेकनूरच्या त्याच घराचं कुलूप मीच काढते. दार उघडताना तोंडातून “आई” निघतंच, आणि मी उंबऱ्यात जरा थांबते.