भावोजींचा श्रीगणेशा

आमचे भावोजी गेली चार वर्षं कंपायलर सुरू करतायत. अजून तो सुरू झालेला नाही.

कंपायलर म्हणजे काय ते मीच सांगतो, कारण भावोजींनी सांगायला घेतलं तर जेवणं राहून जातात. माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळत नाही. कंपायलर तो मशीनच्या भाषेत उतरवून देतो. असे कंपायलर बनवायची हत्यारांची अख्खी पेटी काही भल्या लोकांनी इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. कुणीही घ्यावी, उघडावी, बदलावी. भावोजींना त्या पेटीतून स्वतःची नवी प्रोग्रामिंगची भाषा काढायची आहे. भाषेचं नाव ठरलंय. चिन्ह एका चित्रकाराकडून काढून घेतलंय, ते छापलेले दोन टी-शर्टसुद्धा आहेत. भाषा तेवढी नाही.

मी झेरॉक्स मशिनी दुरुस्त करतो. बटण दाबल्यावर कागद बाहेर आला की मी हात धुऊन निघतो. त्यामुळे भावोजींच्या लेखी मी किरकोळ माणूस. "तुझं काम मेकॅनिकल आहे रे," असं ते फार प्रेमानं म्हणतात. आणि चीड याचीच येते की हे स्थळ ताईला मीच सुचवलं होतं. मुलगा हुशार आहे, म्हणालो होतो. हुशार आहेतच. हुशारीचं काय करायचं हे मी विचारलं नव्हतं.

त्या पेटीबरोबर 'सुरुवात कशी करावी' असं एक पान मिळतं. सोर्स, म्हणजे पेटीचा मूळ मजकूर, उतरवा, त्याचं बिल्ड करा, म्हणजे तो आपल्या मशीनवर जोडून चालता करा, तपासा, मग पहिला धडा. पानावर सगळ्यात वर लिहिलंय, नुसतं वापरायचं असेल तर तयार पॅकेज घ्या, दहा मिनिटांत काम होतं. मी त्यावर बोट ठेवून दाखवलं.

"ते वापरणाऱ्यांसाठी आहे," भावोजी म्हणाले. "मी घडवणाऱ्यांतला."

घडवणाऱ्यांतल्या या माणसाचा दिनक्रम असा. सकाळी उठून सोर्स ताजा करायचा. जगभरची माणसं त्यात रोज शेकडो बदल करतात, ते सगळे आपल्याकडे हवेत. मग कालचं अर्धवट बिल्ड पुसून टाकायचं, कारण सुरुवात स्वच्छ हवी. मग साडेसहा हजार फायली पहिल्यापासून, पडद्यावर एकेक आकडा मोजत. त्यांच्या जुन्या मशीनला याला सहा-सात तास लागतात, आणि शेवटी शेवटी मेमरी भरून ते मान टाकतं. मग भावोजी जगातल्या इतर लोकांच्या कंपायलरमध्ये काय काय चुकलंय ते फोरमवर लिहीत बसतात. एकदा त्या पानातला एक स्वल्पविराम त्यांनी दुरुस्त करून पाठवला, तो स्वीकारला गेला. तशी आलेली मेल छापून, फ्रेम करून टेबलावर लावली आहे.

वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. दारू नाही, आरडाओरडा नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाशी भांडायला कारणच सापडत नाही.

ताई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात नवीन लॅब सुरू झाली, तिची प्रमुख म्हणून ताईला बोलावलं. भावोजी म्हणाले, "एवढं बिल्ड होऊ दे, पहिला धडा झाला की निघू." जागा दुसऱ्याला गेली. यंदा तो दुसरा सोडून गेला आणि पत्र पुन्हा ताईला आलं. शुक्रवारी पाचपर्यंत होकार कळवा, तिसऱ्यांदा विचारणार नाही, असं लॅबच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं. भावोजी म्हणाले, "एवढं बिल्ड होऊ दे."

"मग शुक्रवारपर्यंत कर," ताई म्हणाली. "तुझा पहिला धडा मला बघायचाय."

शुक्रवारी सकाळी मला बोलावणं आलं, मशीनचा पंखा घरघरतोय म्हणून. मी धूळ काढली. पंखा सुटा असताना बसल्या बसल्या माझ्या फोनवर ते पान खालपर्यंत वाचलं. तिथे सरळ लिहिलं होतं: मेमरी कमी असेल तर शेवटची जोडणी एका वेळी एकच करा. एका ओळीची गोष्ट. चार वर्षं हा गृहस्थ ते पान पाठ असल्यासारखा बोलतोय आणि खालपर्यंत वाचलेलं नाही! पंखा बसवून मी ती ओळ घातली आणि त्यांना बिल्ड सुरू करायला लावलं. तेव्हा आठ वाजले होते.

तीनला ताई अर्धी रजा टाकून घरी आली. सव्वातीनला पडद्यावरचा फायलींचा आकडा शेवटापर्यंत गेला आणि थांबला. कुठेही चूक दाखवणारं लाल अक्षर नाही. भावोजी खुर्चीतून उठलेच. डोळ्यांत पाणी, खरंच पाणी. मला घट्ट मिठी मारली. क्षणभर मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"झालं?" ताईनं विचारलं. तिच्या हातात ते पत्र होतं.

"झालं!"

"मग दाखव पहिला धडा."

भावोजी बसले. बोटं मोडली. कीबोर्डवर हात ठेवला आणि मान पुढे घातली. "अरेच्चा, सकाळपासून दोनशे बदल आलेत."

"भावोजी," मी म्हणालो, "आता नको."

"अरे, जुन्यावर श्रीगणेशा कोण करतं? आता आपल्याला जमलंय ना, मग ताज्यावरच करू." आणि त्यांनी सगळं पुसून एंटर दाबलं.

ताईनं माझ्या खिशातलं पेन काढून पत्रावर सही केली, फोटो काढून साहेबांना पाठवला. मग त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"याला किती वेळ लागेल?"

"सात तास. का गं?"

"पुरेल. तेवढ्यात माझं सामान भरून होईल."

"हो हो, चालेल," भावोजी म्हणाले. त्यांचं लक्ष आकड्यांकडे होतं. सतरा, अठरा, एकोणीस.