भांडण दोघांचं, तपासणी माझी एकटीची

मैत्रिणींनो, आज नवऱ्यासोबत पाटोद्याहून बीडला गेलते. आठ महिने झाले, एका घरात राहून आम्ही बोलत नाही. कुणाला तरी दाखवू म्हणून मीच मागं लागलेले. दवाखाना मात्र सासूबाईंनी ठरवला आणि त्याही सोबत आल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणल्या, "लई चिडती, साहेब. हिला गोळ्या द्या." नवरा मोबाईल बघत बसला.

मी धीर करून म्हणाले, "डॉक्टर, भांडण दोघांचं हाय. यांनाबी विचारा की."

सगळं ऐकून ते म्हणाले, "ताई, मी मानसिक आजारांचा डॉक्टर. तुम्हाला आजार दिसत नाही. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून बोलतं करणारे समुपदेशक वेगळे असतात. तिथं दोघंच जा."

मला इतकं हलकं वाटलं!

बाहेर येताच सासूबाई म्हणल्या, "आजार न्हाई म्हणला ना? मग आता कशाला कुठं जायचं?" नवरा म्हणाला, "एकदा दाखवलं की. झालं."

आता परतीच्या एसटीत ह्या दोघांच्या मधल्या सीटवर बसून लिहितेय. नवरा येत नसेल, तर एकटीनं समुपदेशकाकडं जाऊन काही उपयोग होतो का? कुणी गेलंय का?