तिप्पण्णाचं वजन

माझा धाकटा भाऊ तिप्पण्णा सोलापूरच्या एका गिरणीत पिंजण खात्यात होता. तिथे हवेत सारखा कापूस उडतो, संध्याकाळी माणसं पांढऱ्या भुवया घेऊन घरी येतात. आमचे वडील त्याच खात्यात खोकून खोकून गेले. तिप्पण्णाला तिथे लागून तीन वर्षं झाली आणि त्यालाही पहाटे तसाच कोरडा खोकला येऊ लागला. तेव्हापासून आई आणि मी एकमेकींकडे बघायचं टाळू लागलो.

सुटायची वाट एकच होती. तिप्पण्णा बांबूची उडी मारायचा. लांब बांबू घेऊन पळत यायचं, त्याचं टोक खड्ड्यात रोवायचं आणि त्याच्या आधारानं आडव्या काठीवरून पलीकडे वाळूत पडायचं. माघातल्या सामन्यात तो नऊ फूट सहज गेला. एका शाळेचे हेडमास्तर ते बघत होते. त्यांनी त्याला जवळ बोलावलं. "सातवी झालीय ना? दिवाळीनंतर जिल्ह्याचे सामने आहेत, त्यात दहा फूट ओलांड. आमचे ड्रिल मास्तर तेव्हा निवृत्त होतायत. तुला घेतो."

पण पावसाळ्यात उडी कुठं मारायची? आमची काळी माती पायाला घट्ट धरते. म्हणून मृगापासून तिप्पण्णा महिपती वस्तादांच्या तालमीत जाऊ लागला. वस्तादांनी त्याचा दंड चिमटीत धरला.

"हा हात हाय का वाळकी गवार?"

"आप्पा, मला कुस्ती न्हाय खेळायची. उडायचंय."

"उडायला बी ताकद लागती की! पाखरं काय उपाशी उडत्यात?"

पाळी सुटली की तो तालमीत जायचा. दगडी गोटी खांद्यावर घेऊन बैठका, दोन हातांत करेल, म्हणजे जड लाकडी मुदगलं, फिरवणं, कमरेला वाळूचं पोतं बांधून दोरावर चढणं. रात्री भाकरी मोडताना त्याची बोटं थरथरायची. आम्ही लिंगायत, मांसमटण घरात नाही. वस्ताद म्हणाले, दूध, तूप, बदाम द्या. तेव्हा आई आणि मी दूध-तूप सोडलं. तिप्पण्णानं विचारलं, तर श्रावणाचा नेम आहे म्हणून सांगितलं. देवाच्या नावावर खोटं बोलले, ते मला अजून टोचतं.

दर महिन्याला तो गिरणीत कापसाच्या गाठींच्या काट्यावर वजन करून यायचा. ज्येष्ठात एकशे अठरा रत्तल होता. श्रावणात एकशे एकोणतीस. आश्विनात एकशे बेचाळीस. आकडा वाढला की आई सिद्धरामेश्वराला साखर ठेवायची आणि गल्लीत वाटायची. खोकलाही जरा दबला होता. आमच्यात अंग भरलं की माणूस सुधारला. वस्तादांनाही तेवढंच ठाऊक होतं, त्यांनी जन्मभर पैलवानच घडवले होते. आणि बांबू? तो गेल्या वर्षीचाच. चुलीवरच्या तुळईला टांगलेला, धुरानं वाळत होता. त्याचा विचार कुणीच केला नाही.

एकदा तिप्पण्णाच म्हणाला, "अक्का, बांबू आता काडीसारका उचलतो. पण त्यो मला उचलंल का?"

मी इष्टलिंगाची पूजा करत होते. मान वर न करता म्हणाले, "देव उचलील."

सामन्याच्या दिवशी आम्ही दोघी बायकांच्या बाजूला बसलो. मी मनात सिद्धरामेश्वराचं नाव घेत होते. नऊ फूट तो गेला, पण बांबू असा वाकलेला मी कधी बघितला नव्हता. साडेनऊला काठी त्याच्या छातीला घासली, हलली, राहिली. मग दहा. तो पळत आला, बांबू रोवला, पाय वर गेले आणि पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. तिप्पण्णा वाळूच्या बाहेर डाव्या हातावर पडला.

अजून दोन उड्या बाकी होत्या. दुधनीकडच्या एका पोरानं आपला बांबू पुढे केला. तिप्पण्णानं तो घेतला. डाव्या हाताची बोटं मिटेनात. त्यानं उजव्या हातानं ती एकेक करून मिटवली, ती पुन्हा उघडली. आई कानडीत ओरडली, "बेडा मगा, बेडा!" नको रे बाळा, नको. त्यानं बांबू खाली ठेवला.

वस्ताद त्याचं मनगट बांधायला बसले. तिप्पण्णा हसून म्हणाला, "आप्पा, तुमी मला पैलवान केलं. बांबूला सांगायचं राहिलं."

वस्तादांनी पटका काढून मांडीवर घेतला. "मला कुस्तीच ठावी हाय रं, लेकरा."

शाळेत दुसरा मास्तर लागला. दोन महिने तिप्पण्णा घरी होता, तेवढे दिवस पहाटे खोकला ऐकू आला नाही. मग हाड जुळलं, आणि भोंगा झाला की तो पुन्हा पिंजणात जाऊ लागला.

पुढच्या पावसाळ्यात त्याचं वजन आपोआप उतरलं. आधी एकशे तीस, मग एकशे अठरा. आई वेडी, म्हणाली, "बरं झालं, आता बांबू मोडायचा नाही." आकडा एकशे दहावर आला तशी तिनं आकडा विचारणं सोडलं. आम्ही पुन्हा दूध सोडलं. ह्या वेळी तिप्पण्णानं कारण विचारलं नाही.

दिवाळीच्या पाडव्याला गिरणी बंद होती. तो म्हणाला, "अक्का, मैदानावर चल. काठी ठिवायला कुणीतरी पायजे." त्यानं बुरुडाकडून नवा बांबू आणला होता. मैदानात चिटपाखरू नव्हतं. मी चवड्यांवर उभी राहून दुसऱ्या काठीनं आडवी काठी सरकवत दोन्ही खांबांच्या दहा फुटांच्या खुंट्यांवर ठेवली.

तो पळाला. सात-आठ पावलं गेला असेल. मग खोकला आला तो थांबेना. बांबू टेकत टेकत तो खाली बसला. मी पदरानं त्याचं तोंड पुसलं, पदराला लाल लागलं. दोघांनीही बघितलं.

तो म्हणाला, "आता हलका हाय बग, अक्का. आता बांबूनं उचललं असतं."

मी काठी काढायला उठले.

"ऱ्हाऊ दे तितंच," तो म्हणाला.

मी काढली नाही. त्याचा हात खांद्यावर घेतला आणि आम्ही घरी आलो.